मध्यम किमतीचे स्पिनिंग रीळ : निवड आणि निगा

पवना नदीच्या काठी वसलेल्या पिंपळे सौदागरमध्ये शेतांच्या बांधांची जागा केव्हाच गृहसंकुलांनी घेतली. तरीही रविवारी पहाटे यांतील काही संकुलांतून गळाची काठी, पाठीवरची पिशवी आणि चहाचा थर्मास घेऊन मंडळी बाहेर पडतात. कोणी पवनानगरची वाट धरतो, कोणी मुळशीची, तर चाकणकडचे मित्र सोबत असले की भामा आसखेड किंवा चासकमान. आठवडाभर पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत गिअर, बेअरिंग आणि क्लच यांच्याशी झुंजणाऱ्या या छंदिष्टांच्या हातात सुटीच्या दिवशीही एक छोटे यंत्रच असते. ते म्हणजे स्पिनिंग रीळ. हे यंत्र निवडावे कसे आणि निवडल्यावर टिकवावे कसे, याची ही माहिती.

यंत्राची ओळख

स्पिनिंग रिळाचे मूळ कापड गिरणीत आहे. इंग्लंडमधील वस्त्रोद्योजक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये या प्रकारच्या रिळाचे पेटंट घेतले. स्थिर बॉबिनच्या टोकावरून सूत जसे सहज सुटत जाते, त्याच तत्त्वावर दोर फेकण्याची ही कल्पना होती. जुन्या रिळात दोर फेकताना चक्र फिरते आणि ते वेळीच थांबवले नाही, तर गुंता होतो. स्पिनिंग रिळात दोर फेकताना स्पूल स्थिर राहतो, म्हणून नवशिक्यालाही हलके आमिष लांब टाकता येते.

हँडल फिरवले की आतील मोठे गिअर लहान पिनियनला फिरवते, पिनियनमुळे रोटर फिरतो आणि रोटरवरील तारेची कमान, म्हणजे बेल, दोर स्पूलवर गुंडाळते. त्याच वेळी स्पूल वर-खाली सरकत असल्याने दोर सारखा पसरतो. स्पूलच्या माथ्यावरील फिरकीने ड्रॅगचा दाब कमी-जास्त करता येतो. वाहनाचा क्लच जसा ठरावीक भारापुढे घसरतो, तसा मासा जोराने पळाला की ड्रॅग घसरतो, दोर सुटतो आणि तुटण्यापासून वाचतो. संपूर्ण रिळात याहून महत्त्वाचा भाग नाही.

ड्रॅगवर माशाचा जीव

पुण्याच्या नद्यांशी महाशीर माशाचे नाते जुने आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन करताना १८३९ मध्ये या महाशीरची शास्त्रीय नोंद केली आणि त्याच्या नावातील ‘खुद्री’ हा शब्द स्थानिक बोलीतून उचलला. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा पॉवर कंपनीच्या केंद्रात पन्नासहून अधिक वर्षे महाशीरची बीजनिर्मिती होत आली आहे. देहूला इंद्रायणीच्या डोहातील मासे वारकऱ्यांच्या श्रद्धेने राखले गेले. तेथे गळ टाकण्याचा विचारही कोणी करू नये.

गळाला लागलेला महाशीर पहिल्या धावेतच कित्येक मीटर दोर ओढून नेतो. अशा वेळी ड्रॅग क्षणभर जरी अडकला, तरी दोर तुटतो. गळकऱ्याचे नुकसान गळ आणि थोड्या दोरापुरते असते, मासा मात्र तोंडात गळ आणि मागे लोंबणारा दोर घेऊन निघून जातो. तो दोर झाडाच्या मुळात किंवा खडकात अडकला, तर मासा तेथेच मरतो. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडण्याची शिस्त पाळणाऱ्यांनाही ड्रॅगची हेळसांड परवडत नाही ती यामुळेच.

खरेदी करताना काय पाहावे

साधारणतः तीन ते आठ हजार रुपयांच्या दरम्यानचे रीळ मध्यम किमतीचे मानता येईल. त्याखालील बहुतेक रिळांत आतील धातू कमकुवत असतो. त्यावरच्या रिळांत वजन घटते, जलरोधक बांधणी मिळते. परंतु तलावावर दिसणारा फरक किमतीच्या प्रमाणात वाढत नाही.

आकार : रिळावरील १०००, २५००, ४००० हे आकडे त्याचे माप सांगतात. कटला, रोहू, मरळ आणि लहान-मध्यम महाशीर यांच्यासाठी २५०० ते ३००० हे माप पुरेसे आहे. मोठा कटला किंवा शिंगाळा अपेक्षित असल्यास ४००० घ्यावे. प्रत्येक कंपनीची मापे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून खोक्यावर लिहिलेली दोराची जाडी आणि लांबी वाचूनच निर्णय घ्यावा.

गिअरचे प्रमाण : ५.२ : १ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटरच्या पाच फेऱ्यांहून किंचित अधिक. स्पूलचा व्यास ४५ मिलिमीटर धरल्यास एका फेऱ्यात सुमारे ७३ सेंटिमीटर दोर आत येतो, ६.२ : १ प्रमाणात सुमारे ८८ सेंटिमीटर. वेग वाढला की ओढण्याची ताकद कमी होते. तलावातील सर्वसाधारण मासेमारीसाठी पाचाच्या आसपासचे प्रमाण सोयीचे असते.

बेअरिंगची संख्या : जाहिरातीत सर्वाधिक मिरवला जाणारा हा आकडा सर्वांत फसवा आहे. चांगल्या दर्जाची तीन-चार बेअरिंगे हलक्या दर्जाच्या दहांपेक्षा अधिक काळ साथ देतात. संख्येपेक्षा ती कोठे बसवली आहेत हे पाहावे. मोठ्या गिअरच्या दोन्ही बाजूंना, पिनियनला आणि दोर ज्यावरून वळतो त्या लाइन रोलरला आधार असणे महत्त्वाचे.

ड्रॅग : खोक्यावर आठ-नऊ किलो ड्रॅग लिहिलेला असतो. दोरच साडेचार किलोचा असेल, तर त्या आकड्याचा उपयोग नाही. ड्रॅग किती जोराचा आहे यापेक्षा तो किती सलग सुटतो हे पाहावे. स्पूलच्या माथ्यावर ड्रॅग असलेल्या रिळात चकत्या मोठ्या बसतात, त्यामुळे ते सहसा अधिक सुरळीत चालते. मागच्या बाजूच्या ड्रॅगला हात लावणे सोपे, पण त्याच्या चकत्या लहान असतात.

अंग : ग्रॅफाइटमिश्रित प्लॅस्टिकचे अंग हलके असते आणि गंजत नाही; मात्र मोठ्या भाराखाली ते किंचित वाकते आणि गिअरचे दाते एकमेकांवर नीट बसत नाहीत. धातूचे अंग वजनाला जड, पण घट्ट.

काही परिचित मालिका

शिमानो ही जपानी कंपनी १९२१ मध्ये सायकलच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात उतरली आणि १९७० पासून रिळांकडे वळली. तिची सेडोना मालिका या गटात सर्वाधिक परिचित आहे. बेअरिंगे मोजकी, परंतु कोरण्याऐवजी दाबून घडवलेले मुख्य गिअर हे तिचे बलस्थान. हँडल गुळगुळीत फिरते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते. तिच्या वरच्या नास्की मालिकेत पाणी आत शिरू नये म्हणून जादा संरक्षण दिलेले आहे. मुळशी-मावळच्या पावसाळी हवेत त्याचा लाभ होतो.

दाइवाच्या लेगालिस मालिकेचा गुण म्हणजे हलकेपणा. दिवसभर आमिष टाकत राहणाऱ्याच्या मनगटाला तो जाणवतो. ओकुमा या तैवानी कंपनीची सेमार मालिका बेअरिंगांची संख्या आणि किंमत यांचा मेळ घालते. तिचा नमद्याच्या चकत्यांचा ड्रॅग काळजी घेतल्यास उत्तम चालतो, दुर्लक्ष झाल्यास लवकर रुसतो. पेनची बॅटल मालिका धातूच्या अंगाची आणि कार्बन तंतूंच्या ड्रॅग चकत्यांची आहे. त्याच मापाच्या इतर रिळांपेक्षा ती जड वाटते. तळाशी आमिष टाकून काठी टेकवून बसणाऱ्यास हे वजन खुपत नाही. सतत फेक करणाऱ्यास खुपते.

थोडक्यात, सतत फेक करणाऱ्याने लेगालिस किंवा सेडोना, पावसात भिजणाऱ्याने नास्की, मोठ्या माशाची वाट पाहत बसणाऱ्याने बॅटल आणि पहिलेच रीळ घेणाऱ्याने सेडोना किंवा सेमार विचारात घ्यावी. प्रत्येक मालिकेच्या आवृत्त्या बदलत असल्याने तपशील खरेदीच्या वेळी पडताळावा.

दुकानातील पाच मिनिटांची परीक्षा

हँडल अगदी सावकाश फिरवावे. दाते घासल्याचा खरखरीतपणा हाताला लगेच कळतो. नंतर वेगाने फिरवून एकदम सोडावे. रोटर डगमगता कामा नये. हँडल मागे ढकलून पाहावे. उलट दिशेला ते जवळजवळ हलू नये. बेल दहा वेळा उघडावी व मिटावी. लाइन रोलर बोटाने फिरतो का ते पाहावे. शेवटी ड्रॅग मध्यम ठेवून स्पूलवरचा दोर हळूहळू ओढावा. तो झटके न देता सुटला पाहिजे. सुटे भाग, विशेषतः बेलची स्प्रिंग आणि ड्रॅगच्या चकत्या, मिळतात का हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. पाच रुपयांची स्प्रिंग न मिळाल्याने पाच हजारांचे रीळ कपाटात पडून राहते.

दोर भरणे आणि ड्रॅग लावणे

स्पूलच्या कडेपासून दोन मिलिमीटर खाली राहील इतकाच दोर भरावा. अधिक भरल्यास वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, कमी भरल्यास फेक आखूड पडते. विणलेला दोर वापरताना तळाशी नायलॉनचे काही वेढे घ्यावेत, अन्यथा सगळाच दोर स्पूलवर घसरतो.

ड्रॅगचा दाब दोराच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई असावा. साडेचार किलोच्या दोरासाठी तो सुमारे एक ते दीड किलो. प्रवासाच्या बॅगांचे वजन करण्याचा लहान काटा दोराला अडकवून तो मोजता येतो. येथे एक साधे गणित ध्यानात ठेवावे. दोर सुटत जाऊन स्पूलवरील वेढ्यांची त्रिज्या निम्मी झाली, की फिरकीला हात न लावताही दोरावरचा ताण दुप्पट होतो. म्हणून मासा लांब गेल्यावर ड्रॅग आवळण्याची ऊर्मी आवरावी.

ड्रॅग घसरत असताना हँडल फिरवणे ही दुसरी सार्वत्रिक चूक. त्यात दोर आत येत नाहीच, उलट ५ : १ च्या रिळात हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला दोराला पाच पीळ पडतात. मासा पळतो तेव्हा हात थांबवावा. तो थांबला की गुंडाळावे. फेक झाल्यावर बेलही हँडलने न मिटता हाताने मिटावी. पीळ कमी पडतो आणि स्प्रिंग टिकते.

निगा : केव्हा आणि कशी

प्रत्येक फेरीनंतर : ड्रॅगची फिरकी आवळून ओल्या फडक्याने रीळ पुसावे. चिखल असल्यास वरून पाण्याची मंद धार सोडावी. जोराची धार मारू नये आणि रीळ बादलीत बुडवू नये, कारण माती त्यामुळेच आत जाते. सावलीत वाळवावे आणि नंतर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा. आवळलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिलेल्या चकत्या चेपतात आणि ऐन वेळी अडकतात.

चार-पाच फेऱ्यांनंतर : लाइन रोलर, हँडलची मूठ आणि बेलच्या सांध्यांवर पातळ तेलाचा एकेक थेंब द्यावा. शिलाई यंत्राचे तेलही चालते. खोबरेल तेल मात्र कटाक्षाने टाळावे. पुण्याच्या थंडीत ते थिजते आणि पहाटेच्या वेळी रीळ जड होते. गंज सोडवण्याचे फवारे आतील ग्रीस धुऊन काढतात, म्हणून तेही वर्ज्य.

वर्षातून एकदा : रीळ उघडून साफ करावे. पांढरे कापड अंथरावे, प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि सुटे भाग काढलेल्या क्रमाने मांडावेत. जुने काळे ग्रीस पुसून गिअरच्या दात्यांवर नव्याचा पातळ थर द्यावा. कारखान्यातून आणलेले चेसिसचे घट्ट ग्रीस येथे उपयोगी नाही. हलके ग्रीस, तेही मोजके हवे. बेअरिंगला तेल, गिअरला ग्रीस हा नियम. हँडल उलटे फिरू न देणाऱ्या एकदिशा क्लचमध्ये ग्रीस गेल्यास त्यातील रोलर घसरतात आणि ऐन झुंजीत हँडल मागे फिरते. कार्बनच्या चकत्या कोरड्या ठेवाव्यात किंवा त्यांच्यासाठीचेच ग्रीस लावावे. नमद्याच्या चकत्यांना तेलाचा हलका हात पुरतो. या दोहोंची अदलाबदल करू नये.

पाण्याचे भान

पिंपळे सौदागरजवळची पवना आणि पवनानगरची पवना ही एकच नदी असली, तरी पाणी एक नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये तयार केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पवनेचा समावेश होता. शहरातील पात्रात सांडपाणी व जलपर्णी यांचा विळखा असतो. येथील मासा खाण्यायोग्य समजू नये आणि या पाण्याचा स्पर्श झालेले रीळ स्वच्छ पाण्याने पुसल्याखेरीज पिशवीत ठेवू नये. धरणांवर मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने सहकारी संस्थांकडे असतात. गळ टाकण्यापूर्वी स्थानिक संस्थेची परवानगी घेणे हे कायद्याच्या आणि तेथील मच्छीमारांच्या पोटाच्याही दृष्टीने आवश्यक आहे. तुटलेला नायलॉन काठावर टाकू नये. पक्ष्यांच्या पायांना तो फास ठरतो.

महाशीरसह आपल्याकडील बहुतेक गोड्या पाण्यातील माशांचा विणीचा काळ पावसाळा. त्या महिन्यांत गळ आवरून ठेवणे हेच शहाणपणाचे. वर सांगितलेली वार्षिक सफाई त्याच काळात उरकली, तर पाऊस ओसरून पाणी निवळेपर्यंत रीळही पुन्हा तलावावर नेण्यास सज्ज झालेले असेल.