बीडनपुऱ्यातला फाळ

दिल्लीच्या करोल बागेत, बीडनपुऱ्यात आमची गलाईची भट्टी. गाव विट्याजवळ, इथं सोनं-चांदी गाळणारे बरेचसे आमच्याच मुलखातले. भट्टीमागच्या भिंतीवर आजोबांच्या किर्लोस्कर नांगराचा फाळ टांगलाय. पंजाबी गिऱ्हाईकं त्याकडं बघून हसतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान टाकलं. पुढं कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. तर शेतकरी म्हणे, लोखंडानं जमिनीला विष चढतं! नांगर पडून राहिले. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. माणूस मूळचा चित्रकार, त्यामुळं जाहिरातीवर नजर ठरायची. पुढं ‘खबर’चंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं.

पण आमचे आजोबा कुठले वाचतायत? त्यांनी शेजारच्या रानात हरळी मुळासकट उपटून येताना बघितली, बांधावर बसून दोन बिड्या ओढल्या, आणि आठवड्यात नांगर दारात. आजीनं मात्र आधी फाळावरून दहीभात ओवाळून टाकला. विष उतरावं म्हणून.