‘अंग ताठलेलं होतं’

पंचनाम्यातल्या एवढ्या शेऱ्यावरून वाचकाने मृत्यूची वेळ ठरवू नये. मृत्यूनंतर स्नायूंना ऊर्जा पुरवणारे एटीपी हे रसायन संपले की तंतू एकमेकांत अडकून राहतात. हा ताठा आधी पापण्या, जबडा, मान यांत जाणवतो, मग हातापायांत. हिवाळ्यात तो २४ ते ४८ तास टिकतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात १८ ते ३६. मरणाआधी आचके आले असतील तर तो लवकर येतो नि लवकर ओसरतो.

अधिक बोलके असतात ते जांभळट डाग. थांबलेले रक्त देहाच्या खालच्या भागात उतरते आणि साधारण ६ ते १२ तासांत तिथेच स्थिरावते. देह उताणा आणि डाग छातीवर, म्हणजे नंतर कुणीतरी तो उलटवला. कोंदट खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेल्यांचे डाग कार्बन मोनॉक्साइडमुळे लालभडक दिसतात.

नवख्या नजरेला हे डाग माराचे वळ वाटतात, आणि त्यातून निरपराध घरच्यांवर संशय येऊ शकतो. शवविच्छेदनात छेद घेतला की खरे कळते: माराचे रक्त ऊतींत मुरलेले असते, डागाचे पाण्याने धुऊन जाते.