गृहनिर्माण धोरण, मुंबईतील

अल्प उत्पन्नाच्या रहिवाशांस परवडणारे घर मिळावे, यासाठी मुंबईत शासनाने वेळोवेळी योजलेले उपाय. स्वस्त घराचा खर्च कोणी सोसावयाचा, हा या धोरणातील मूळ राजकीय प्रश्न होय.

१८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले. तथापि प्रारंभीच्या काळात पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे कमी बांधली गेली. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत विकास खात्याने कामगारांसाठी ५०,००० खोल्यांची योजना आखली. तीसाठी कापसाच्या गाठींवर कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे २०७ चाळीच उभ्या राहिल्या.

१९४७ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. मूलतः अल्प मुदतीच्या या कायद्यास वारंवार मुदतवाढ मिळाली. कारण भाडेकरूंची संख्या मोठी असल्याने त्यांचा रोष पतकरणे कोणत्याही पक्षास परवडणारे नव्हते. भाडेकरूस संरक्षण लाभले, पण मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली, पागडीची प्रथा बळावली आणि भाड्याची नवी घरे दुर्मिळ झाली. जुन्या इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्यान्वये उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये गोठविलेली भाडी अवाजवी ठरविली. त्यानंतरच्या १९९९ च्या कायद्याने वार्षिक ४ टक्के वाढीस मुभा दिली. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण मात्र बव्हंशी कायम राहिले.

चाळीतही जागा न मिळालेल्यांनी झोपड्यांचा आश्रय घेतला. पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला. परंतु रीतसर कार्यवाही करून झोपड्या हटविण्यास मनाई केली नाही. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन दिले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेत विकासकाने झोपडीवासीयास २२५ चौ. फुटांचे घर विनामूल्य द्यावयाचे आणि मोबदल्यात मिळणाऱ्या वाढीव चटई क्षेत्रावर बांधलेल्या सदनिका बाजारभावाने विकावयाच्या, अशी तरतूद होती. साहजिकच जमिनीचा भाव जेथे चढा, तेथेच विकासक वळले. पात्रतेची कालमर्यादा १ जानेवारी १९९५ होती; ती पुढे १ जानेवारी २००० करण्यात आली. त्यानंतर आलेले मोफत घरास अपात्र ठरले.

अशा रीतीने हा भार प्रथम घरमालकावर व नंतर जमिनीच्या बाजारावर टाकला गेला. ज्यांना आधीच छप्पर होते त्यांस संरक्षण मिळाले. नव्याने येणाऱ्या श्रमिकासाठी भाड्याचे घर मात्र दुर्लभच राहिले.