नाणेघाटाच्या दिशेने जुनी काळी सायकल

१/ सातवाहनकाळी कल्याण बंदरातील माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई. आज त्याच दिशेच्या कल्याण–मुरबाड रस्त्यावर हिवाळ्याच्या पहाटे सायकली धावतात. त्यासाठी वापरलेली स्वस्त सायकल निवडताना इतिहासच वाटाड्या ठरतो.

२/ १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे ब्रिटनमध्ये घडलेली ‘रोडस्टर’ भारतात रुजली: २८ इंची चाके, पोलादी फ्रेम, रॉड ब्रेक. वरळीची हिंद सायकल, मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९) आणि सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१) यांनी हाच साचा पुढे नेला.

३/ या सातत्याचा लाभ आजच्या खिशाला होतो. तिचे टायर, ट्यूब, आरे, चेन अजूनही साध्या दुकानात मिळतात. याउलट, जुन्या परदेशी गियर-सायकलचा एखादा भाग मिळेनासा झाला, की स्वस्त सौदा महागात पडतो.

४/ रॉड ब्रेकची पकड ओल्या पोलादी रिमवर सुटते. ब्रिटनचा हिवाळा ओला, कोकणचा कोरडा. त्यामुळे ही उणीव येथे हिवाळ्यात कमी जाणवते.

५/ खरा वैरी म्हणजे सरलेले पावसाळे. सीटची दांडी काढून नळीतला गंज पाहावा. चिमट्याचे सांधे व रिमची कड तपासावी. ताज्या रंगाखाली जुना तडा लपलेला असू शकतो, आणि तडकलेली फ्रेम फुकटही घेऊ नये.

६/ एका गियरची ही सायकल मुरबाडपर्यंत निष्ठेने साथ देते. पुढे माळशेजच्या चढावर मात्र स्वाराला उतरून तिलाच हाताने ढकलावे लागते.