थंडीत नव्या गाडीचा गिअर का अडतो? दोष हवेचा किती आणि गाडीचा किती

दसरा किंवा धनत्रयोदशीचा मुहूर्त साधून घेतलेल्या गाडीला पहिली थंडी लवकरच गाठते. जालना जिल्ह्यात हे दर वर्षी घडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाडी दारात येते आणि डिसेंबर उजाडेपर्यंत मीटरवर हजार-दीड हजार किलोमीटर पडतात. नेमके तेव्हाच उत्तरेकडून गार वारे सुटतात आणि मराठवाड्यातला पारा रात्री १० अंशांच्या खाली घसरतो. मग एखाद्या पहाटे कोणाला स्टेशनवर सोडायला गाडी काढली, की पहिल्यातून दुसरा गिअर पटकन पडत नाही. दांड्याला जोर द्यावा लागतो आणि रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. दहा-पंधरा मिनिटे गाडी चालली की सगळे सुरळीत होते आणि दुपारी तर काही झालेच नव्हते असे वाटते.

यावर ऐकायला मिळणारी मते दोनच असतात. एक, ‘गाडी नवी आहे, चालवली की फ्री होईल.’ दुसरे, ‘गिअरबॉक्सच खराब निघाला.’ पहिले मत बऱ्याचदा खरे ठरते, पण त्यावर विसंबून वॉरंटीचे महिने वाया घालवणारेही कमी नाहीत. म्हणून थंडीमुळे होणारा जडपणा कोणता आणि थंडीच्या नावावर खपणारा बिघाड कोणता, हे वेगळे करता आले पाहिजे. त्यासाठी गिअरबॉक्सच्या आत काय चालते ते थोडे समजून घ्यावे लागते.

गार ऑईल आणि पितळी कडे

मॅन्युअल गाडीत गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवायचे असतात. त्यांचा वेग आधी सारखा करून घेण्याचे काम सिंक्रोनायझर करतो. त्यात एक कडे असते, बहुधा पितळेच्या जातीच्या धातूचे, काही गाड्यांत कार्बनचे अस्तर लावलेले. हे कडे गिअरच्या निमुळत्या भागावर दाबले जाते आणि घर्षणाने दोघांचा वेग जुळवते. वेग जुळेपर्यंत ते दांड्याला पुढे जाऊ देत नाही. हाताला जाणवणारा ‘अडथळा’ तो हाच. म्हणजे थोडा वेळ अडणे हे सिंक्रोनायझरचे कामच आहे.

घर्षण होण्यासाठी कड्याला मधला ऑईलचा थर बाजूला सारावा लागतो. कड्याच्या आतल्या बाजूला त्यासाठीच बारीक खाचा असतात. ऑईल गार असले की तो थर लवकर हटत नाही, वेग जुळायला उशीर लागतो आणि दांडा तेवढा वेळ अडून राहतो. ७५डब्ल्यू-९० या जातीचे नेहमीचे गिअर ऑईल ४० अंशांना जितके घट्ट असते, त्याच्या साधारण चार-पाच पट घट्ट ते १० अंशांना असते. गाडी तासभर पळून गिअरबॉक्स चांगला तापला, की हा फरक आणखी मोठा होतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना वेगातला फरक सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे तक्रार बहुतेक वेळा दुसऱ्या गिअरचीच असते.

गाडी नवी असेल तर कड्याचे आणि गिअरचे पृष्ठभाग अजून एकमेकांना रुळलेले नसतात, त्यामुळे जडपणात थोडी भर पडते. हा भाग खरोखरच पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये कमी होतो. ‘फ्री होईल’ म्हणणाऱ्यांचे तेवढे बरोबर आहे.

मात्र इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गिअर ऑईलच्या नावातला ‘७५डब्ल्यू’ हा आकडा थंडीशी संबंधित आहे. त्या दर्जाच्या ऑईलने उणे ४० अंशांनाही ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घट्ट होता कामा नये, असे मानक आहे. ‘८०डब्ल्यू’साठी हीच मर्यादा उणे २६ आहे. जालन्यातली कडाक्याची थंडी म्हणजे ८-१० अंश. तीच मॉडेल लेहला विकली जातात आणि तिथल्या हिवाळ्यात चालतात. तेव्हा भोकरदनच्या किंवा जाफराबादच्या पहाटेने गाडी थोडी आळसावेल, पण एवढ्या थंडीने दात घासल्याचा आवाज येणे, टाकलेला गिअर आपोआप निसटणे किंवा तासभर चालवूनही गिअर जड राहणे, हे होऊ नये. होत असेल तर कारण दुसरीकडे आहे.

आधी पायाखाली पाहा

सगळ्यात साधे कारण बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या जवळपासही नसते. नव्या गाडीसोबत जाड, उंच कडांची मॅट घेण्याची पद्धत आहे. शोरूममधली मूळ मॅट तशीच ठेवून तिच्यावर ही दुसरी अंथरली जाते. क्लचचे पेडल तिला टेकले की शेवटचे बोटभर अंतर दाबलेच जात नाही आणि क्लच पूर्ण सुटत नाही. मग वेग जुळवण्याचे सगळे ओझे त्या बिचाऱ्या कड्यावर येते, आणि गार ऑईलमध्ये ते आणखी जाणवते. दोन्ही मॅट काढून एक सकाळ गाडी चालवून पाहावी. तक्रार गेली तर खर्च शून्य. सीट फार मागे असली तरी पाय पुरत नाही आणि परिणाम तोच होतो.

मॅट काढूनही गिअर अडत असेल, तर घरीच एक तपासणी करता येते. रात्रभर बाहेर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू न करताच, हँडब्रेक ओढून आणि क्लच पूर्ण दाबून एकेक गिअर टाकून पाहायचा. कधी एखादा गिअर दाताला दात लागून पडत नाही. अशा वेळी न्यूट्रलमध्ये आणून क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि परत टाकायचा. हे उन्हाळ्यातही होते, त्यात काळजीचे काही नाही. पण दांडा न्यूट्रलमध्येच डावी-उजवीकडे हलवतानाही जड वाटत असेल, तर संशय दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलवर किंवा तिच्या सांध्यातल्या ग्रीसवर घ्यावा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर हलके पडतात आणि सुरू केले की अडतात, असे असेल तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता मोठी. याची खात्री मोकळ्या, सपाट जागेत करावी. इंजिन सुरू, गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, म्हणून घाईने टाकला तर करकर होणारच. थांबूनही झाली, तर आतला दांडा अजून फिरतो आहे, म्हणजेच क्लच त्याला इंजिनपासून पुरता वेगळा करत नाही. हायड्रॉलिक क्लच असेल तर पाइपमध्ये हवा शिरलेली असू शकते, केबलचा असेल तर ताण कमी-जास्त असू शकतो. दोन्ही दुरुस्त्या किरकोळ आहेत. दुर्लक्ष केले तर मात्र झीज गिअरबॉक्सच्या आत होते आणि ती किरकोळ राहत नाही.

गार इंजिन सुरू झाल्यावर पहिला मिनिटभर ते नेहमीपेक्षा जास्त आरपीएमवर फिरते. त्या घाईत पहिला किंवा रिव्हर्स टाकला तरी धक्का किंवा आवाज येतो. काटा खाली येईपर्यंत थांबले की पुरते. अंगणात दहा मिनिटे गाडी सुरू ठेवून ‘गरम’ करण्याचा गिअरबॉक्सला मात्र फारसा उपयोग नाही. उभ्या गाडीत इंजिनचे पाणी तापते, गिअरचे ऑईल जवळपास गारच राहते. ते तापते चाकांबरोबर, गाडी चालू लागल्यावर. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणून गिअरबॉक्सही तयार झाला असे समजू नये. पहिले पाच-सात किलोमीटर कमी आरपीएमला, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून गिअर बदलले की बहुतेक जडपणा तिथेच संपतो. दांडा ढकलत बसण्यापेक्षा त्यावर हलका, सारखा दाब धरावा. कडे वेग जुळवते आणि दांडा आपसूक आत जातो. गिअर पडत नाही म्हणून राज्य महामार्ग ओलांडताना मधोमध अडकण्याची वेळ येऊ नये, यासाठी मोठ्या रस्त्याला लागण्यापूर्वी गल्लीत दोन-तीनदा गिअर बदलून घेणे शहाणपणाचे.

नव्वदच्या ऑईलचा सल्ला

ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांच्या या भागात ‘नव्वद नंबर’चे गिअर ऑईल कोणत्याही दुकानात मिळते. गिअर अडतो म्हटले की ओळखीचा मिस्त्री हेच टाकायला सांगतो. ट्रॅक्टरला ते योग्य असेल, पण नव्या कारसाठी हा सल्ला उलटा पडतो. नुसत्या ९० आकड्याच्या ऑईलला ‘डब्ल्यू’चा दर्जाच नसतो, म्हणजे थंडीत ते किती घट्ट होईल याची हमी नाही. आजच्या अनेक गाड्यांत कंपनीने त्याहून बरेच पातळ, ७५डब्ल्यू-८० सारखे ऑईल दिलेले असते. त्याच्या जागी नव्वदचे गेले तर सकाळचा जडपणा वाढतो.

डब्यावरचे जीएल-४ आणि जीएल-५ हे शब्दही नुसती सजावट नाहीत. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यांचे प्रमाण जास्त असते. मागच्या एक्सलमधल्या जड दाबाच्या गिअरसाठी ते बनवलेले असते. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिले असताना ते टाकले, तर कड्याला हवे तसे घर्षण मिळत नाही, आणि काही ऑईलमधली द्रव्ये पितळेलाही खातात. ‘पाच म्हणजे चारपेक्षा भारी’ हा हिशेब इथे लागू होत नाही. शिवाय वॉरंटीतल्या गाडीचे ऑईल बाहेर बदलले, तर पुढे गिअरबॉक्सचा दावा नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते. गाडीखाली तेलाचे थेंब पडलेले दिसले तर वरून भर घालू नये, फोटो काढून थेट सर्व्हिस सेंटर गाठावे.

दुपारी गायब होणारी तक्रार

हिवाळ्यात मराठवाड्यात पहाटे १० अंश आणि दुपारी २८-३० अंश असा फरक सहज पडतो. अडचण इथेच होते. घनसावंगी किंवा मंठ्याहून निघालेली गाडी जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला पोचते, तोवर अकरा वाजलेले असतात आणि गिअरबॉक्स तासभर तापलेला असतो. सल्लागार एक फेरी मारतो, गिअर लोण्यासारखे पडतात आणि कागदावर शेरा येतो, ‘दोष आढळला नाही’.

यावर उपाय एकच. गाडी आदल्या संध्याकाळी तिथे मुक्कामी ठेवावी आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना मालक व तंत्रज्ञ दोघांनी हजर राहावे. शक्य असल्यास त्याच मॉडेलची दुसरी गार गाडी शेजारी चालवून पाहावी. दोन्ही सारख्याच जड असतील तर मन शांत होते, एकच असेल तर वाद संपतो. मोबाइलवर सकाळचा व्हिडिओ घ्यावा, पण गाडी उभी असताना किंवा शेजारी बसलेल्याने. त्यात मीटरवरचे किलोमीटर, बाहेरचे तापमान दिसत असेल तर ते, आणि आवाज स्पष्ट आला पाहिजे.

जॉब कार्डवर ‘गिअर प्रॉब्लेम’ एवढेच लिहू देऊ नये. ‘सकाळी गार गाडीत पहिल्यातून दुसरा गिअर टाकताना खरखर, पाच किलोमीटरनंतर बंद’ असे नेमके लिहून घ्यावे आणि प्रत जवळ ठेवावी. क्लच प्लेट झिजणारा भाग म्हणून वॉरंटीत बहुधा धरली जात नाही. तिच्यावर अर्धा पाय ठेवून गाडी चालवण्याचा ठपकाही लगेच येतो. गिअरबॉक्सच्या आतला निर्मितीदोष मात्र वॉरंटीत येतो. म्हणून तक्रार पहिल्या मोफत सर्व्हिसलाच नोंदलेली असणे फायद्याचे. दुसऱ्या हिवाळ्यात तोच दोष पुन्हा दिसला, तर तो जुनाच आहे हे दाखवायला हा कागद कामी येतो.

तीन-चार वेळा जाऊनही दाद मिळाली नाही, तर कंपनीच्या ग्राहक कक्षाला जॉब कार्डांच्या प्रती जोडून लेखी कळवावे. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि शेवटी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तिथे जावे लागते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगातच चालते आणि रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील लावण्याची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.