दिवेलागणीचा परवचा

दिल्लीतल्या मुनिरका गावातल्या माझ्या खोलीची खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत हाताला लागायची. भर दुपारीही दिवा लावावा लागे. 2013 साली जेएनयूत अर्थशास्त्र शिकायला आले तेव्हा त्या खोलीत आम्ही तिघी राहायचो: इंफाळची एक, बुलढाण्याची एक आणि तासगावची मी. शेजारच्या बेरसरायमधून झेरॉक्सचे गठ्ठे आणायचे, पिवळ्या पेनाने ओळी रंगवायच्या, आणि आठ दिवसांनी तेच पान पहिल्यांदाच बघतोय असं वाटायचं. अर्थमितीने तर रडवलं.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी वीज गेली. आम्ही गच्चीत जाऊन बसलो. बुलढाण्याची मैत्रीण म्हणाली, "आता पुस्तक नाही. तोंडाने सांग." मी तिसऱ्याच गृहीतकाला अडले. तिथे मला आजोबांचा परवचा आठवला.

परवचा म्हणजे दिवेलागणीला, शुभंकरोतीनंतर, शिकलेलं मोठ्याने म्हणून दाखवणं. पंतोजींच्या शाळेत मुलांच्या हाती पुस्तक क्वचितच असे. धुळपाटीवर काडीने काढलेलं अक्षर हात फिरवला की गेलं. उरायचं ते डोक्यात. म्हणून साठ संवत्सरं, सत्तावीस नक्षत्रं आणि पाढे रोज म्हणायचे. नुसते अपूर्णांकांचे पाढे तरी किती! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असल्यावर पाव-अर्ध्याशिवाय व्यवहार होणार कसा? साडेतीन आणे शेराने सात शेर गूळ घेतला तर साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. तासगावच्या दुकानात आजोबा हे पारडं स्थिरावायच्या आत सांगत.

याला घोकंपट्टी म्हणून हिणवलं जातं, तेव्हा मला वाईट वाटतं. अर्थ न कळता घोकणं वाईटच, पण परवच्यात पोथी मिटलेली असते, आणि म्हणणाऱ्याला स्वतःच्या आतून ओढून काढावं लागतं. जर्मनीत हर्मान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून विसरण्याचं मोजमाप केलं आणि ते 1885 साली छापलं. एकाच बैठकीत रेटण्यापेक्षा दिवसांवर विभागून केलेली उजळणी जास्त टिकते, हे त्याला दिसलं. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. दोन्ही गोष्टी परवच्यात रोज होत होत्या.

पण त्या शाळांचे गोडवे गाताना माझा घसा अडतो. पंतोजींसमोर बसत ते बहुतेक वरच्या जातींचे आणि व्यापाऱ्यांचे मुलगे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती 1848 साली, आणि त्यानंतर शंभर वर्षांनीही माझी आजी शाळेत गेली नव्हती. तिला मात्र दिडकीपर्यंत सगळं येत होतं. माहेरी भावांचा परवचा चाले तेव्हा ती चुलीपुढे भाकऱ्या थापत ऐकत असे. तिला कुणी म्हणायला सांगितलं नाही. ती मनातल्या मनात म्हणे.

1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, मग किलो आले, आणि औटकीची गरज संपली. तिच्याबरोबर संध्याकाळची ती वेळही गेली. पाढे गेल्याचं मला दुःख नाही. वेळ गेल्याचं आहे.

वीज गेलेल्या त्या संध्याकाळनंतर मात्र, वीज असो वा नसो, साडेसातला आम्ही गच्चीत जायचो. कागद खालीच ठेवायचे. आदल्या दिवशीचं आधी, मग आठवड्यापूर्वीचं, मग आजचं. इंफाळची मैत्रीण हिंदीत अडखळे, म्हणून तिला सोप्या शब्दांत सांगावं लागे, आणि तसं सांगताना मला पहिल्यांदा अर्थमिती कळली.

घरमालकांचे वडील तिथेच खाटेवर हुक्का ओढत बसत. गावची शेतं आर. के. पुरम आणि जेएनयूसाठी गेली तेव्हा ते तरुण होते. एकदा त्यांनी विचारलं, "बेटी, रोज क्या रटती हो?" मी आजोबांच्या पाढ्यांविषयी सांगितलं. ते हसले आणि बोटांवर मोजत म्हणू लागले: पौवा, अद्धा, पौना, सवैया. साडेतीनच्या पाढ्याला ते हूँठा म्हणत. चौदा, पंधरा, सोळापर्यंत सरसर आले, आणि सतराला थांबून माझ्याकडे बघत राहिले.

"साडेएकोणसाठ," मी मराठीतच म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि अठराला हात घातला.