खिशातले कार्ड आणि सरकारचा शब्द

शिरगणती म्हटली की वही घेऊन दारात उभे राहिलेले शाळेतले गुरुजी आपल्या डोळ्यांपुढे येतात. घरात माणसे किती, नावे काय, वये काय, धंदा कोणता, एवढे लिहून घेतले की ते पुढच्या घरी जातात आणि आपण आपल्या कामाला लागतो. २९ सप्टेंबर १९३९ च्या शुक्रवारी रात्री ब्रिटनमध्ये अशीच गणती झाली. हिटलरशी युद्ध सुरू होऊन चार आठवडेही झाले नव्हते. सुमारे ६५ हजार मोजणीदार घरोघर फिरले. मात्र या वेळी मोजणीदार नुसते लिहून घेऊन गेला नाही. भरलेला तक्ता घेताना घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाचे एकेक कार्ड त्याने हातावर ठेवले. चार कोटींहून अधिक लोकांची नावे त्या नोंदणीत आली.

कार्ड अगदी साधे होते. मधे घडी घातलेला जाड कागद, त्यावर नाव, क्रमांक, पत्ता आणि सही. बहुतेकांच्या कार्डावर फोटोसुद्धा नव्हता. क्रमांकात मात्र मोठी युक्ती होती. पहिली अक्षरे भागाची, नंतरचा आकडा घराच्या तक्त्याचा आणि शेवटचा आकडा घरातला हा माणूस कितवा त्याचा. गाव, घर आणि खातेदार ओळखावा तसाच हा हिशेब म्हणा ना!

आता इंग्रज माणूस अशा गोष्टींच्या बाबतीत मोठा हट्टी. आपल्या घराच्या उंबऱ्याशी राजानेही थांबावे, असे मानणारा. मग त्याने हे कार्ड मुकाट्याने घेतले कसे? कारण ते कशासाठी आहे हे त्याला सांगितले होते आणि सांगितलेले त्याला पटले होते. कामे तीन: सैन्यभरती, देशाची सुरक्षितता आणि धान्यवाटप. डोक्यावर बॉम्ब पडण्याची भीती आणि पोरांच्या तोंडी लोणी-साखर पडण्याची काळजी असताना या तिन्हींपैकी एकालाही कोणी नाही म्हणणार नव्हता.

तिसऱ्या कामामागे एक जुना अनुभव होता, तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या ऑगस्टमध्ये, अशीच एक नोंदणी झाली होती. सक्तीची लष्करभरती करण्याचीच ही तयारी आहे, अशी शंका तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली. आणि १९१६ च्या जानेवारीत भरतीचा कायदा खरोखरच आला. ज्या नोंदवहीतून आपल्याला खंदकात धाडतात तिच्यात आपला नवा पत्ता कोण आपणहून लिहवील? लोक घरे बदलत गेले आणि वही जागच्या जागी शिळी झाली. ही फजिती जवळून पाहिलेला एक अधिकारी, सिल्व्हॅनस व्हिव्हियन, पुढे नोंदणीखात्याचा प्रमुख झाला. दुसऱ्या युद्धाची योजना आखताना त्याने नोंदवहीची गाठ रेशनशी घातली. पत्ता कळवला नाही तर रेशन नाही! मग काय, लोक आपल्या पायांनी कचेरीत येऊ लागले. कारभाराच्या दृष्टीने ही युक्ती नामी होती यात शंका नाही. पण पोटाच्या गरजेपोटी माणूस पत्ता कळवतो म्हणून त्याचा सरकारवर विश्वास बसला असे होत नाही. माझ्या मते पुढे जे घडले त्याचे बी इथेच पडले.

१९४५ मध्ये युद्ध संपले. कार्ड राहिले, कारण रेशनही राहिले. १९४७ मध्ये आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी पार्लमेंटात सांगितले, की नागरिकाला रस्त्यात हटकून ओळख पटवायला लावणे आपल्यालाही पसंत नाही; पण रेशन आहे तोवर कार्ड लागणार. मंत्र्यांना न आवडणारी गोष्ट मंत्र्यांच्याच खात्याकडून चाललेली होती! दरम्यान कार्डाचे उपयोग वाढत होते. टपालकचेरीत पार्सल सोडवायचे, कार्ड दाखवा. बचतखात्यातून पैसे काढायचे, कार्ड दाखवा. अकरा वर्षांत तीन कामांची एकोणचाळीस झाली. यातले एकेक काम घेतले तर कोणतेही वाईट म्हणता येणार नाही. लबाडी पकडायची, सैन्यातून पळालेले शोधायचे, एकाचे पैसे दुसऱ्याने उचलू नयेत असे पाहायचे, सारे योग्यच. मात्र या छत्तीस वाढीव कामांसाठी सरकार लोकांपुढे पुन्हा नीट उभे राहून बोलले नव्हते.

आपल्याकडेही हे नवे नाही. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले तेव्हा रेशनकार्ड होते धान्यासाठी. पुढे गॅसच्या जोडणीपासून शाळेतल्या दाखल्यापर्यंत माणूस कुठे राहतो याचा पुरावा म्हणून तेच कार्ड पुढे करण्याची रीत पडली. ज्याने कधी रेशनचे धान्य उचलले नाही तोही ते कपाटात जपून ठेवू लागला.

असो. ७ डिसेंबर १९५० रोजी उत्तर लंडनमधल्या फिंचली भागात एका मोटारीला पोलीसशिपायाने थांबवले. गाडी वेगात होती एवढेच कारण. चालक क्लॅरेन्स विलकॉक. वय चोपन्न, कपडे धुण्याच्या धंद्यातला माणूस, लिबरल पक्षाचा कार्यकर्ता. शिपायाने, हॅरोल्ड मकल त्याचे नाव, शिरस्त्याप्रमाणे ओळखपत्र मागितले. विलकॉकने नकार दिला. दोन दिवसांत पोलीसठाण्यावर आणून दाखवा, असा कागद शिपायाने पुढे केला. तोही त्याने नाकारला. आपण लिबरल आहोत आणि असल्या गोष्टींच्या विरुद्ध आहोत, एवढेच त्याचे म्हणणे. त्याने ना आरडाओरडा केला ना धक्काबुक्की. खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटांनी त्याला दोषी ठरवले खरे, पण शिक्षा काही न देता सोडून दिले. दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणून घरी गेला असता. हा गृहस्थ अपिलात गेला.

अपिलातला मुद्दा कायद्याचा होता. १९३९ चा कायदा आणीबाणीपुरता होता. आणीबाणी संपली असे फर्मान निघाले की तो संपायचा. युद्धकाळाचे काही दुसरे कायदे अशा फर्मानाने संपले होते. या कायद्याबाबत ते निघालेच नव्हते. तेव्हा हा कायदा जिवंत की मेलेला? प्रश्नाचे महत्त्व ओळखून नेहमीच्या दोन-तीन न्यायमूर्तींऐवजी सात न्यायमूर्ती बसले आणि २६ जून १९५१ रोजी निकाल लागला. अपील फेटाळले गेले. कायदा कागदोपत्री जिवंत आहे, तेव्हा विलकॉक दोषीच.

पण इतिहासात राहिला तो हा निकाल नव्हे. राहिले ते सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांचे त्यासोबतचे बोलणे. ते काही मवाळ न्यायाधीश नव्हते. कडक शिक्षांबद्दलच त्यांचे नाव होते. ते म्हणाले, हा कायदा देशाच्या सुरक्षिततेसाठी केला होता, आज तो ज्या कामांना जुंपला आहे त्यांसाठी नव्हे. युद्धासाठी केलेले कायदे युद्ध सरल्यावर वापरीत राहिले तर कायदा पाळणारी माणसेच कायदा मोडू लागतात. आणि पोलीस जर वेळीअवेळी कार्ड मागत सुटले, तर लोकांच्या मनात पोलिसांविषयी राग साचतो. मदत करायची तिथे लोक अडथळा करू लागतात. या शेवटच्या वाक्याकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष नेहमी वेधतो. लॉर्ड गॉडर्ड इथे स्वातंत्र्यावर व्याख्यान देत नाहीत, ते पोलिसांच्याच फायद्याचे बोलतात. चोर पकडण्याचे पोलिसांचे खरे साधन म्हणजे गावातल्या माणसाने आपणहून येऊन सांगितलेली गोष्ट. ज्या गावाचा पोलीसपाटलावर भरवसा नाही त्या गावात कार्डांचा ढीग असला तरी तपास पुढे सरकत नाही, हे खेड्यात वाढलेल्याला वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात निवडणूक होऊन चर्चिल यांचे सरकार आले आणि २१ फेब्रुवारी १९५२ रोजी कार्ड बाळगण्याची सक्ती उठल्याची घोषणा झाली. गंमत अशी, की रेशन आणखी दोन वर्षे, १९५४ पर्यंत, चालूच राहिले. म्हणजे रेशनसाठी कार्ड पाहिजेच, हेही तितकेसे खरे नव्हते! कार्ड गेले, क्रमांक मात्र गेला नाही. १९४८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय सेवेने तोच क्रमांक रोग्यांच्या नोंदीसाठी उचलला होता आणि पुढे कित्येक वर्षे तो दवाखान्याच्या कागदांवर नांदत राहिला. त्याविरुद्ध कोणी विलकॉक उभा राहिला नाही. दवाखान्यात क्रमांक का विचारतात हे सगळ्यांना कळत होते.

ओळखपत्राला विरोध करणारा प्रत्येक जण शहाणा असतो असे मात्र समजू नये. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने २००६ मध्ये पुन्हा ओळखपत्रांचा कायदा केला. पुढच्या सरकारने तो २०१० मध्ये रद्द केला आणि २०११ च्या फेब्रुवारीत एका मंत्र्याने नोंदींच्या तबकड्या स्वतः यंत्रात घालून चुरा केल्या. टाळ्या पडल्या. पण त्याच देशात, वेस्ट इंडीजमधून बोटीने येऊन उभे आयुष्य तिथे काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांना 'तुम्ही इथले कशावरून?' असे सरकार विचारू लागले. त्यांच्या आगमनाची जुनी कार्डे सरकारच्याच खात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती. कोणाची नोकरी गेली, कोणाचे उपचार थांबले, काहींना तर देशाबाहेर घालवले. २०१८ मध्ये हे सारे उघडकीला आले आणि पंतप्रधानांना माफी मागावी लागली. गरिबाला कागदाचा आधार लागतो तो असा.

म्हणूनच आपल्याकडचा वाद सोपा नव्हता. देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. ब्रिटनमधल्या त्या गणतीला बरोबर ७१ वर्षे झाली होती. ज्यांच्याजवळ कसलाच कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा सांगितलेला हेतू. पुढे बँक, मोबाईल, शाळा अशी कामे वाढली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला. सरकारी अनुदानासाठी आणि प्राप्तिकरासाठी आधार ग्राह्य धरले. बँकखाते आणि मोबाईल यांच्याशी जोडण्याची सक्ती उठवली. शाळेत नाव घालताना आधार नाही म्हणून मुलाला परत पाठवता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. शिक्षकबंधूंनी आणि पालकांनी हे ध्यानात ठेवावे. जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी हा प्रश्न उभा राहतो.

इकडे ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी मोबाईलवरच्या ओळखपत्राची योजना जाहीर केली. बेकायदा येऊन नोकरी धरणाऱ्यांना आळा घालण्यासाठी, असे कारण त्यांनी दिले. थोड्याच दिवसांत पार्लमेंटकडे गेलेल्या विरोधाच्या अर्जावर २५ लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या.